आमवाताच्या पेशंटचा गुडघा बदलल्यावर घरी काळजी कशी घ्यायची

गुडघा बदलल्यावर काय करावं याचं एक छापील पत्रक हॉस्पिटलमधून मिळतं. ते बहुतेक वेळा वयोमानाने गुडघे झिजलेल्या पेशंटसाठी लिहिलेलं असतं. ‘वॉकरवर हातांनी जोर द्या’, ‘खुर्चीचे हात घट्ट धरून उठा’ वगैरे. ज्यांच्या मनगटांत आणि बोटांत वर्षानुवर्षं आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) मुरलाय, त्यांनी हे करायचं कसं, ते त्यात नसतं. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे एकापाठोपाठ एक बदलले आणि दोन्ही वेळा घरचं सगळं मी पाहिलं. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं आणि घरात काय बघायचं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर खूप धावपळ वाचली असती, म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट पक्की धरून चला: बदलला तो गुडघा, आजार आहे तिथेच आहे. हात, मान, त्वचा, हाडं, प्रतिकारशक्ती या सगळ्यांवर त्याचा आणि त्याच्या औषधांचा परिणाम झालेला असतो. शुश्रूषा या पूर्ण शरीराची करायची असते.

१. ऑपरेशनआधी: दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं एका कागदावर घ्या

ऑर्थोपेडिक सर्जन गुडघा बघतात, संधिवाततज्ज्ञ (ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट) औषधं बघतात आणि मधल्या फटीत पेशंट सापडतो. कुठली गोळी कधी बंद करायची आणि कधी परत सुरू करायची, हे दोघांकडून लेखी घ्या. तोंडी नको.

अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण सर्जनांच्या संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आपल्याकडचेही डॉक्टर विचारात घेतात. त्यांचा सारांश असा: मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलॅझिन, लेफ्लुनोमाइड ही नेहमीची औषधं सहसा बंद करायची नाहीत. बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी, अडालिमुमॅबसारखी) मात्र थांबवायची. पुढचा डोस ज्या सुमारास यायचा, त्या सुमारास ऑपरेशन ठरवायचं आणि तो डोस पुढे ढकलायचा. दर दोन आठवड्यांनी अडालिमुमॅब घेणाऱ्याचं ऑपरेशन शेवटच्या डोसनंतर तिसऱ्या आठवड्यात. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या तीन दिवस आधी बंद. जखम नीट भरली, टाके निघाले, सूज, लाली आणि स्राव नाही, असं सर्जननी पाहिलं की मग परत सुरू, म्हणजे साधारण १४ दिवसांनी. तुमच्या पेशंटला यातलं काय लागू आहे ते डॉक्टरच ठरवतील, पण प्रश्न तुम्ही विचारा. ‘ऑपरेशन आहे म्हणून सगळंच बंद केलं’ असं कित्येक घरांत होतं आणि मग ऑपरेशननंतर बाकीचे सांधे पेटून उठतात.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगा. पहिली, स्टेरॉइडची गोळी (प्रेडनिसोलोन किंवा दुसरी) किती वर्षं आणि किती मिलिग्रॅम चालू आहे. गावाकडून आणलेल्या ‘संधिवाताच्या पुड्या’ घेतल्या असतील तर तेही लाज न बाळगता सांगा, अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दुसरी गोष्ट मानेची. या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. भूलतज्ज्ञांना ‘मानेचा एक्स-रे हवा का?’ असं विचाराच.

२. घर लावून ठेवा

हे पेशंट हॉस्पिटलात जाण्याआधी करायचं. ती परत आल्यावर वेळ मिळत नाही.

पलंग असा हवा की कडेला बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघा कमरेपेक्षा किंचित खाली राहील. जुना दिवाण बहुतेक वेळा बुटका पडतो. त्याच्या पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्या, मध्ये खोबण असलेले, म्हणजे पाय सरकणार नाही. बसायला हात असलेली जड लाकडी खुर्ची ठेवा. प्लॅस्टिकची खुर्ची उठताना मागे सरकते.

पायपुसणी, सतरंज्या, पंख्याच्या वायरी उचला. उंबरा असेल तर तिथे वॉकर कसा न्यायचा हे आधी स्वतः करून बघा. बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला आडवी दांडी बसवा. पण आमवाताच्या हाताला बारीक दांडी धरवत नाही, म्हणून तिच्यावर फोमची नळी चढवा (एसीच्या पाइपवर असते ती, हार्डवेअरच्या दुकानात मिळते). भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची लागेलच.

३. काय काय हवं

सामान:
- वॉकर, शक्यतो कोपरापासून हात टेकवता येईल असा (खाली सविस्तर)
- कमोड खुर्ची किंवा कमोडवर बसवायची उंच सीट
- बर्फाच्या किंवा जेलच्या पिशव्या, दोन
- टाचेखाली ठेवायला टॉवेलची घट्ट गुंडाळी
- मागून बंद, वेलक्रो असलेल्या, पुढे रुंद चपला (बोटं वाकडी झालेली असतात)
- पुढून उघडणारे सुती गाऊन. नाडी, हूक, बारीक बटणं नकोत
- थर्मामीटर, बीपीचं मशीन, एक वही
- हलकीशी घंटा. दुखऱ्या बोटांनी रात्री फोनचं कुलूप उघडत बसवत नाही

कागदपत्रं:
- डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट्स, एक्स-रे
- इम्प्लांटचं (आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं) स्टिकर. कंपनी, साइज आणि बॅच नंबर त्यावर असतो. पुढे कधी त्या गुडघ्यावर परत काम करावं लागलं तर सर्जन हेच आधी मागतील
- संधिवाताच्या औषधांची जुनी सगळी प्रिस्क्रिप्शनं
- आधार कार्ड, रेशन कार्ड, मेडिक्लेमची कागदपत्रं

सरकारी योजनेत बसतंय का, हे ऑपरेशन ठरवण्याआधीच बघा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतात. कुठलं ऑपरेशन कुठे होतं ते त्यांना विचारा. खासगी हॉस्पिटलात बिल घेताना इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवली आहे ना ते पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरले होते. आताचा आकडा हॉस्पिटलकडून लेखी मागा.

४. जखम आणि त्वचा

टाके किंवा स्टेपल साधारण दोन आठवड्यांनी काढतात. स्टेरॉइड आणि आजार यांमुळे या पेशंटची जखम भरायला जास्त वेळ लागू शकतो, त्यामुळे सर्जन म्हणाले ‘अजून चार दिवस थांबू’ तर घाबरू नका. तोवर ड्रेसिंग कोरडं ठेवायचं, अंग पुसून घ्यायचं. अंघोळ सर्जनच्या परवानगीनंतरच.

वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेली त्वचा कागदासारखी पातळ होते. चिकटपट्टी ओढून काढली तर कातडी सोलून हातात येते. पट्टीच्या कडेखाली ओला कापूस लावत जायचा, एका हाताने पट्टीच्या पुढची त्वचा दाबून धरायची आणि पट्टी वर न ओढता त्वचेला समांतर, उलटी घडी घालत मागे न्यायची. वेळ लागतो. ड्रेसिंगला येणारी सिस्टर घाईत असेल तर तिला नम्रपणे थांबवा.

टाचा, माकडहाड आणि कोपरं रोज उजेडात बघा. लालसर डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. तिथला भार लगेच काढा आणि डॉक्टरांना कळवा.

जखमेवर हळद, लेप, तेल काही लावायचं नाही. नात्यातलं कुणीतरी हमखास आमवाताचं तेल घेऊन येतं. ठेवून घ्या, लावू नका. पोटरीला तर जोरात मालीश मुळीच नको, आत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

५. औषधं: सगळ्यात जास्त घोळ इथे होतो

एक मोठा तक्ता करून भिंतीला लावा. त्यात हे लक्षात ठेवा.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतल्यामुळे तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावतो. ऑपरेशननंतर घरात गोळ्या देणारे हात बदलतात, म्हणून धोका वाढतो. वार ठरवा, त्याच वारी, एकाच माणसाने द्यायची आणि तिची स्ट्रिप रोजच्या डब्यात न ठेवता वेगळी ठेवायची. फॉलिक अ‍ॅसिडच्या पिवळ्या गोळीत आणि हिच्यात गल्लत होते, नाव वाचूनच द्या. ताप किंवा इन्फेक्शन असेल तर त्या आठवड्याची गोळी द्यायची का, हे फोन करून विचारा.

स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही. उलट्या होताहेत म्हणून गोळी पोटात टिकत नसेल तर वाट बघू नका, हॉस्पिटलला फोन करा. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. अचानक खंड पडला तर बीपी पडतं, गळून जायला होतं, बेशुद्धीपर्यंत जातं. आणि उलट, जास्त दुखतंय म्हणून घरात शिल्लक असलेली प्रेडनिसोलोन स्वतःहून वाढवायचीही नाही.

वेदनाशामकांच्या गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल लपलेलं असतं. ट्रॅमाडॉलच्या अनेक गोळ्या मिश्र असतात. ती गोळी, शिवाय तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल, असा दुप्पट डोस जातो. स्ट्रिपच्या मागची अक्षरं वाचा. मेडिकलवाल्याकडून परस्पर दुसरी पेनकिलर आणू नका, मेथोट्रेक्सेट आणि मूत्रपिंड यांचा विचार त्याला करता येत नाही.

रक्त पातळ ठेवण्याची गोळी किंवा पोटातलं इंजेक्शन सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा. ‘आता चालतेय की’ म्हणून मधेच बंद करू नका. इंजेक्शन आधीच भरून येत असेल तर त्यातला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो आणि टोचल्यावर जागा चोळायची नसते. सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाका, कचऱ्यात मोकळ्या नकोत.

बद्धकोष्ठ ट्रॅमाडॉलमुळे होतंच. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, पपई, भाज्या, इसबगोल (डॉक्टरांना विचारून). जखम भरायला प्रथिनं लागतात: अंडी, डाळी, मोड आलेली मटकी, पनीर, खात असतील तर मासे. या पेशंटचं हिमोग्लोबिन बरेचदा मुळातच कमी असतं आणि ऑपरेशनमध्ये आणखी उतरतं. पहिल्या तपासणीला ते मोजून घ्या.

६. उठवणं, बसवणं, चालवणं

हात धरून ओढून उठवू नका. हे मी शेजारीपाजारी, पाहुणे, अगदी वॉर्डबॉयलाही सांगत असे. आमवाताची बोटं आणि मनगटं ओढली की तिथलं दुखणं वेगळं सुरू होतं. मानेखाली हात घालून उचलणंही टाळा. आधी कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, एक हात खांद्यामागच्या पात्याखाली सपाट ठेवा आणि दुसऱ्याने कमरेला आधार द्या. कडेला दोन मिनिटं बसू द्या. चक्कर येत नाही ना ते बघा, मगच उभं करा.

साध्या वॉकरवर सगळा भार मनगटांवर येतो. सासूबाईंची बोटं करंगळीच्या दिशेने वळलेली, मूठ पूर्ण मिटत नाही. हॉस्पिटलने दिलेला वॉकर त्या धरत, पण चार पावलांत मनगटं दुखून चेहरा कसनुसा होई. फिजिओने सुचवल्यावर कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकवता येईल अशा पट्ट्या असलेला वॉकर आणला, भाड्याने. भार बोटांऐवजी कोपराच्या खालच्या भागावर गेला आणि त्याच दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. ‘फोरआर्म सपोर्टवाला वॉकर’ असं मागा. मिळाला नाहीच तर साध्या वॉकरच्या मुठी फोम आणि सुती पट्टी गुंडाळून जाड करून घ्या.

जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली. दोन्ही पाय एकाच पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. कठड्याला नुसती बोटं न लावता पुढचा हात टेकवू द्या.

गाडीतून नेताना पुढची सीट मागे सरकवा, डोकं टेकायला आधार द्या आणि स्पीडब्रेकरला ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगा. मान वाकवली की पाठीत करंट गेल्यासारखं होणं, दोन्ही हातांना अचानक मुंग्या, लघवीवर ताबा न राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही गुडघ्याची लक्षणं नाहीत, मानेची आहेत.

संडासनंतर स्वतःला धुणं हे या हातांनी फार अवघड जातं, आणि त्या बोलत नाहीत. तुम्ही आपणहून सोपं करा: जेट स्प्रे हाताशी येईल असा लावा, मदत करणारी शक्यतो एकच बाई ठेवा, दार लोटून घ्या.

७. व्यायाम

गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. पेशंटला बरं वाटतं, ती मागत राहते, घरच्यांना दया येते आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघ्यामागे पोकळी राहू द्या. सरळ पाय होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

वेळ निवडण्यात खरी मेख आहे. या आजारात सकाळी सांधे तास-तास आखडलेले असतात. फिजिओ सोयीने सकाळी आठला येतो आणि पेशंट रडकुंडीला येतो. त्याला साडेदहा-अकराला बोलवा. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक द्या, हातांना कोमट पाण्याचा शेक द्या, मग व्यायाम, मग गुडघ्याला कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. बर्फाने बोटं पांढरी-निळी पडणाऱ्या पेशंटला पिशवी हातात धरायला देऊ नका.

घोट्यापासून पाऊल वर-खाली करणं, गुडघा खाली दाबून मांडीचा स्नायू आवळणं, चादरीवरून टाच सरकवत गुडघा वाकवणं: हे दिवसभरात थोडं थोडं, अनेकदा. टाच सरकत नसेल तर तिच्याखाली गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. एका दमात सगळं उरकण्यापेक्षा हे बरं, कारण आमवातात थकवा हा आजाराचाच भाग आहे. तो आळस नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवा.

८. काय चालेल, काय नाही

गुडघा कित्येक महिने गरम लागणं, टाक्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना आतून टक् आवाज, निळे-हिरवे डाग घोट्यापर्यंत उतरणं: हे सहसा नेहमीचं आहे.

बाकी तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका.

रक्ताची गाठ: एकाच पायाची पोटरी फुगते, दाबल्यावर दुखते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८ ला फोन.

आजाराचा फ्लेअर: दोन्ही हातांचे, खांद्यांचे, दुसऱ्या गुडघ्याचे असे बरेच सांधे एकदम सुजतात, सकाळचा आखडलेपणा वाढतो. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत हे बऱ्याच जणांना होतं. संधिवाततज्ज्ञांना कळवा.

इन्फेक्शन: फक्त ऑपरेशनचाच गुडघा, कमी होत आलेलं दुखणं परत वाढतंय, लाली पसरतेय, जखमेतून पाणी किंवा पू येतोय. स्टेरॉइडमुळे ताप येईलच असं नाही. थर्मामीटर साधा दिसला म्हणून निश्चिंत राहू नका. अशा वेळी थेट सर्जनकडे जा आणि त्यांनी बघितल्याशिवाय जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी गोळ्या गेल्या तर सांध्यातलं पाणी तपासूनही जंतू सापडत नाहीत आणि उपचार महिनोन्‌महिने लांबतात. ‘आमवातच उफाळला असेल’ म्हणून घालवलेला आठवडा फार महागात पडतो.

९. मदतीला माणूस ठेवताना

ब्युरोकडून मावशी किंवा सिस्टर घेताना ‘गुडघ्याचा पेशंट’ एवढंच सांगू नका. आमवात आहे, हात ओढायचा नाही, मान सांभाळायची, पट्टी हळू काढायची, हे पहिल्या दिवशी करून दाखवा. मेथोट्रेक्सेट आणि इंजेक्शन मावशींवर सोपवू नका. सर्दी-खोकला असेल तर सुट्टी द्या, पगार न कापता. कापलात तर त्या आजारी असूनही येतील.

१०. तीन महिन्यांनंतर

मांडी घालणं, उकिडवं बसणं, जमिनीवर बसून भाजी निवडणं परत सुरू करायचं नाही. देवघर टेबलाच्या उंचीवर आणा, पोळपाट ओट्यावर.

नवीन गुडघ्याला इन्फेक्शन पुढेही कधी रक्तातून पोचू शकतं. पायाच्या भेगा, नखांभोवतीचा पू, लघवीची जळजळ, दाताचं गळू अंगावर काढू नका. दाताच्या डॉक्टरांना गुडघा बदललाय आणि कुठली औषधं चालू आहेत, दोन्ही सांगा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल संधिवाततज्ज्ञांना विचारा.

दुसऱ्या गुडघ्याची घाई सर्जन करत असतील तर तीन प्रश्न घेऊन जा: पहिला पाय पूर्ण भार घेतोय का, हिमोग्लोबिन किती आहे, आणि बायोलॉजिकचा पुढचा डोस केव्हा येतोय. तारीख या उत्तरांवरून ठरवा.